सगळ्यांना विचारून दिलेला नकार

मोठे बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इतवारीतल्या आमच्या बँकेत काउंटरवर होते. बाबा एवढंच म्हणाले, "दादा गेले वं. निघ तू." समोरच्या माणसाचं पासबुक छापून दिलं, पर्स उचलली आणि बाहेर हातगाड्यांच्या गर्दीत ऑटो शोधत उभी राहिले. रडू आलं नाही. राग आला... हा माणूस मला उत्तर न देताच गेला म्हणून. वडिलांच्या थोरल्या भावाबद्दल असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. प्रताप नगरच्या आमच्या घरी हे वाचलं जाईल तेव्हा कोण कोण तोंड वाकडं करेल, तेही कळतं. करू द्या.

तेरवीऐवजी आम्हा बौद्धांमध्ये असतं त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात जो बोलायला उठला त्याने एकच गोष्ट सांगितली, की घरात त्यांनी कधी हुकूम चालवला नाही, सगळ्यांना विचारून निर्णय घेतले. हे अगदी खरं आहे, आणि माझा संताप त्याच्यावरच आहे. रविवारी तर्रीपोहे झाले की समोरच्या खोलीत सगळ्यांनी बसायचं, अशी घरची रीत होती. घरातला काहीही प्रश्न असो, मत विचारायला सुरुवात सर्वांत लहानापासून. मग चढत्या वयाने एकेक जण, आणि शेवटी मोठे बाबा. मोठ्यांचं ऐकून लहानांनी बिचकू नये म्हणून असं करतो, हे ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पाहुणे भारावून जात. प्रत्यक्षात जो तो थोरल्याचा मान राखून एकच वाक्य बोलायचा, "तुम्ही म्हणाल तसं." मोठे बाबा त्याला एकमत म्हणायचे.

माणूस वाईट नव्हता, असं लिहायची पद्धत आहे, तर तेही लिहिते. पाटबंधारे खात्याच्या कामावर काटोलला गेले की पिशवीभर संत्री आणायचे. आम्हा मुलांना ओळीने बसवायचे आणि एकेक फोड, धागा न् धागा काढून, हातावर ठेवायचे. आमच्या हाताने मात्र कधी सोलू दिलं नाही. बी आहे का, आंबट निघेल का, कोणाला किती द्यायचं, सगळं त्यांनीच पाहायचं. तेव्हा मला ती माया वाटायची.

माझी दहावी झाली तेव्हा शहराबाहेरच्या एका कॉलेजने नवी योजना काढली होती. अकरावी-बारावी करता करताच निवडक मुलांनी तिथे पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकायचे आणि बारावी झाली की थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. अर्ली कॉलेज म्हणायचे त्याला. माझी निवड झाली. बाबा मला कॉलेज दाखवायला घेऊन गेले. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमनी आपला साधा काळा दगड कागदासारखा पातळ घासून काचेवर चिकटवलेला होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्या म्हणाल्या, बघ. मी डोळा लावला... निळे, केशरी, जांभळे तुकडे, आणि काच फिरवली की सगळे रंग पालटायचे. आमच्या अंगणातल्या पायरीचा दगड हाच. आयुष्यात काय करायचं हे मला त्या खोलीत कळलं, इतकं स्पष्ट मला त्यानंतर काहीच कळलेलं नाही. परत येताना बसमध्ये बाबा म्हणाले, "तू जाय. मी पाहून घेतो." आईने तर मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं.

रविवार आला. सर्वांत लहान मी, म्हणून पहिला प्रश्न मला. मी म्हटलं, मला जायचं आहे, आणि दगडाबद्दलही सांगितलं. मग संदेशदादा, म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. "बाबा म्हणतील तसं." मग आई. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी म्हणतील तसं." मग मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, तेच. मी बाबांकडे पाहत होते. बाबा सतरंजीचा काठ चाचपत राहिले आणि म्हणाले, "दादा, तुम्हीच पाहा."

मोठे बाबा शांतपणे बोलले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"एक सोडून साऱ्यांनी माह्यावर सोडलं. मंग आयका. मधातून घुसाचं नाही. सारे पोरं ज्या दारातून जातात त्याच दारातून जायचं. आपल्या कागदावर उद्या कोणी बोट ठेवाले नाही पायजे."

"पण काहून, मोठे बाबा? बारावी तं मी देऊनच राहिली ना?"

"तुले विचारलं ना? तुहं मत घेतलं ना? झालं."

त्यांचं कारण मला ठाऊक आहे, आणि कोणी ते मला पुन्हा समजावू नये. खात्यात आयुष्यभर त्यांनी 'हे राखीव जागेवाले, मागच्या दाराने आलेले' अशी कुजबुज ऐकली होती. पहिल्या नंबराने पास झालेला माणूस, आणि डब्याच्या वेळी कानावर हे. त्याची आग मला समजते. पण ज्यांनी त्यांना डिवचलं त्यांना ते एक शब्द बोलले नाहीत. तो शब्द माझ्यावर वापरला. आमच्या घरात तोच एक दरवाजा त्यांना बंद करता येत होता, तो त्यांनी केला.

पुढे मला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं, तेही सर्वांच्या मताने. मी नापास झाले नाही, पण लागतात तेवढे गुणही पडले नाहीत. मग कॉमर्स, मग बँक. नोकरी चांगली आहे. पण नव्या इमारतीच्या पायाशी फोडलेला दगड दिसला की मी रस्ता ओलांडते.

मागच्या रविवारी संदेशदादाने सगळ्यांना समोरच्या खोलीत बोलावलं. त्याच्या मृणालने दहावी दिली आहे, आणि अशाच एका कॉलेजने तिला घेतलं आहे. बाबांची पद्धत मोडायची नाही, असं तो म्हणाला. मोठ्या बाबांच्या वेताच्या खुर्चीवर त्यांचा टॉवेल तसाच घडी करून ठेवलेला होता, आणि सगळे त्या खुर्चीकडे तोंड करून खाली बसले होते. सर्वांत लहान मृणाल. आदल्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना हीच पोरगी माझ्याशी त्या कॉलेजबद्दल बोलताना थांबत नव्हती. दादाने विचारलं, "बोल बेटा, काय करायचं?"

मृणाल म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

मोठ्या आईला भरून आलं. अगदी यांच्या वळणावर गेली, म्हणाली. वयाने पुढची मी होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, टॉवेल बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसले.

"तिथं नोको बसू वं," मोठी आई म्हणाली.

मी बसून राहिले. "मृणाल, इकडे पाय. तुले जायचं आहे की नाही?"

ती तिच्या बापाकडे वळली. मी म्हटलं, तिकडे नाही, इकडे. ती हळूच म्हणाली, "जायचं आहे, आत्या."

त्यानंतर मी कोणालाच विचारलं नाही.