पातेल्यांनी सोडवलेली नाव

आमची भागीरथी अक्का तंजावूरच्या एका शाळेत गणित शिकवते आणि सुट्टी मिळाली की समुद्रावर शिडाची नाव घेऊन जाते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या मराठी माणसांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. अक्कानं मात्र पन्नाशीत जुनी नाव विकत घेतली आणि स्वतः खरवडून रंगवली. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मी तिची सख्खी बहीण आहे.

मागच्या वर्षी नाव समुद्रकाठच्या जुन्या मनोऱ्याजवळच्या खाडीच्या तोंडाशी गाळात रुतली. मच्छीमारांनी दोर बांधून ओढून आणली. आमची आई, राजम, तेव्हा किनाऱ्यावर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "फिरून कोणी ओढून आणलं, तर नाव विकायची." आईचा शब्द अक्का मोडत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा पोंगल झाल्यावर आम्ही दोघी अदिरामपट्टिनमच्या बंदरातून निघालो. आई बसनं पुढे जाऊन मनोऱ्यापाशी थांबणार होती. पण आमच्या घरची रीत अशी, की प्रवासाला निघालं की वाटेत भेटेल त्यालाही पुरेल इतकं खाणं बरोबर हवं. आईनं पुळिसादम म्हणजे चिंचेचा भात, दहीभात आणि चकलीसारखे मुरुक्कू पितळी पातेल्यांत भरून नावेत चढवले. अक्कानं त्या वजनाचा हिशेब केला नाही. इथेच तिचं गणित चुकलं.

ईशान्येचा वारा पाठीशी होता. नाव अशी पळत होती की मी मळमळ विसरून हसत सुटले. मनोरा दिसला, आईची हिरवी साडी दिसली, खाडीचं तोंड आलं. अक्कानं सुकाणू वळवलं आणि खालून खर्रर्र आवाज झाला. नाव थांबली. ओहोटी लागली होती. जितका वेळ जाईल तितकं पाणी कमी होणार होतं.

एक मच्छीमार दोर उंचावून जवळ आला. "वेंडाम, अण्णा," अक्का म्हणाली आणि हातानंही त्याला नको म्हणून खुणावलं. मला रडूच यायला लागलं.

मग तिची नजर पातेल्यांवर गेली. "वाणी, सगळी डावीकडे ओढ. तूंही तिकडेच बस."

"नाव उलटेल, अक्का."

"कलू दे. कलली की तळाचा कणा गाळातून वर येईल."

मी पुळिसादम ओढलं, दहीभात ओढला, मुरुक्कूवर स्वतः बसले. अक्का माझ्या शेजारी कडेवर रेलली आणि तिनं शिडाचा दोर घट्ट ओढला. उजवीकडून वारा भरला. नाव कलली, इतकी की माझा पदर पाण्यात भिजला. एक हिसका बसला आणि आम्ही सुटलो. मी लहान मुलीसारखी ओरडले.

किनाऱ्याला लागलो तेव्हा आई गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती.

"रुतली होती ना?"

"होय," अक्का म्हणाली.

"कोणी ओढली?"

"कोणी नाही. तुझ्या भातानं सोडवली."

आईनं पातेली मोजली. मग तिनं साडीचा काष्टा घट्ट खोचला आणि नावेची कड धरली.

"शरी, बरं. पातेली उतरव. परतताना तेवढ्या वजनाला मी बसतें."