रिकामी कढई

सुका बोंबील विस्तवावर भाजला की धूर होतो, आणि धूर झाला की इंग्लंडमधलं घर किंचाळायला लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला तिकडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात गेले. आम्ही पाच भारतीय विद्यार्थ्यांनी मिळून एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. वरच्या खोलीत मी आणि पुण्याची एक मुलगी, खाली तीन मुलगे. त्यातला बोरिवलीचा मुलगा आमचा पुढारी होता. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, तो आपणहून झाला होता. मी भाईंदरकडची म्हटल्यावर, भाईंदर म्हणजे मुंबईच्या बाहेर ना, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं की मी भाईंदरचीसुद्धा नाही, त्याच्या पुढे बसने समुद्र लागेपर्यंत जायचं, तिथल्या चौक गावची. त्याने मान हलवली. बोरिवलीहून चौक लंडनपेक्षा लांब असावं, अशी ती मान हलली.

स्वयंपाकाचे वार वाटून घेतले होते. माझा बुधवार. पहिल्या बुधवारी मी आयने दिलेला बिस्किटांचा डबा उघडला. वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी आणि आत आमच्या वलांडीवर वाळलेले बोंबील. बांबूच्या त्या मांडवाखाली मी लहानाची मोठी झाले. मला वाटलं, घरापासून इतक्या लांब, मुंबईची म्हणवणारी माणसं, बोंबील बघून उड्या मारतील. गॅस मोठा केला आणि चार बोंबील थेट ज्योतीवर धरले.

छताला चिकटवलेली एक पांढरी डबी एकदम कोकलायला लागली. पाचही जण चपला घालून रस्त्यावर, थंडीत कुडकुडत. शेजारची म्हातारी गोरी बाई दारात येऊन उभी. माझ्या हातात चिमटा, चिमट्यात बोंबील. मला हसू आवरेना. बाकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. धुराबद्दल मी आधीच माफी मागितली होती. पुन्हा ज्योतीवर भाजणार नाही, भिजवून कांद्यात परतीन, खिडकी उघडी ठेवीन, असंही सांगितलं. पण प्रश्न धुराचा नव्हता. ह्या घरात सुकी मासळी शिजणार नाही, असं ठरलं. चार विरुद्ध एक. खायचीच असेल तर मागच्या अंगणात शेगडी मांडावी. बाहेर कडाक्याची थंडी आणि ही सोय! रविवारी ह्याच घरात कोंबडी शिजायची आणि हाडं चघळत मुलग्यांची पंगत बसायची. बोरिवलीकर तर प्रयोगशाळेत दिवसभर पिरिडीनच्या बाटल्या उघडायचा. त्याचा वास असा, की सडक्या मासळीनेही नाक मुरडावं. ते विज्ञान. माझ्या ताटातला तेवढा वास.

मग मला वारांतून काढा, असं मी म्हटलं. त्यांनी आनंदाने काढलं. आता माझं मी करून खायचं.

पण करायचं कुठे? शेगडीला चार चुली. संध्याकाळी प्रयोगशाळेतून येऊन पाहावं तर एकीवर डाळ, एकीवर भात, एकीवर तवा आणि चौथीवर नुसतं पाणी उकळत ठेवलेलं. चहा करायचाय का, विचारलं, तर म्हणे असू दे. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते पाणी उकळायचं. मी पाव आणि जॅम खाऊन वर जायचे. दिवसभर ग्रंथालयात, प्रयोगशाळेत मान वर करून वावरायचं, प्राध्यापकांना नावाने हाक मारायची, त्यांच्या तोंडावर त्यांचं म्हणणं खोडायचं, आणि घरी येऊन आपल्याच माणसांच्या मागे अन्नासाठी ताटकळायचं. संताप संताप व्हायचा.

अशाच एका संध्याकाळी पाव चावताना मला आयची मासळीची पाटी आठवली.

माझी आय मासळी विकायची. पहाटे चौकहून बसने भाईंदरला, मग पूल ओलांडून पूर्वेला, एका मोठ्या सोसायटीच्या गेटबाहेर. गेटच्या आत यायचं नाही, असा सोसायटीचा कायदा होता. पण गेटबाहेरची ती हातभर जागा आयची होती, आणि ती जगात कुणाच्या बापाची नव्हती. शेजारी बसणाऱ्या कोळणीशी तिचं दिवसभर जुंपायचं. गिऱ्हाईक ओढलं म्हणून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या. पण आय आजारी पडली की तीच बाई आयची रिकामी पाटी आणून तिच्या जागेवर ठेवायची, आणि तिथे दुसरं कुणी टेकू लागलं तर त्याला अंगावर घ्यायची. ती आजारी असली की आय तेच करायची. लहानपणी मला ह्याचं नवल वाटायचं. आय म्हणायची, "भांडन येगलं, जागा येगली. पाटी रिकामी असंल तरी चालंल गो, जागा सोरायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लवकर निघाले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागच्या डाव्या चुलीवर मी माझी रिकामी कढई ठेवली आणि समोरच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसले. थोड्या वेळाने एकाने कढई उचलून ओट्यावर ठेवली. मी उठून परत चुलीवर ठेवली. त्याने पुन्हा उचलली. मी पुन्हा ठेवली. शेवटी तो कंटाळला, मी नाही. त्या रात्री मी बोंबील भिजवून, कांद्यात परतून, खिडकी सताड उघडून, गरम भाताशी खाल्ले. बाकीचे आपापली ताटं घेऊन खोल्यांत गेले. जाताना दारं आपटली. मी आणखी एक वाढप घेतलं.

मग रोज हेच सुरू झालं. कधी कधी माझ्याकडे शिजवायला नुसती अंडी असायची, तरी कढई आधी चुलीवर जायची.

आठवडाभरात बोरिवलीकराने नवं काढलं. शेजारची गोरी बाई वासाची तक्रार करते आहे, मालकाला सांगणार आहे, तुझ्यापायी आम्ही पाचही जण रस्त्यावर येऊ. हे ऐकून मात्र मी हादरले. वर्षाच्या मध्यात दुसरं घर मिळणं कठीण होतं. रात्र तळमळत काढली आणि सकाळी सरळ जाऊन म्हातारीचं दार वाजवलं.

तिला मी काय विचारते आहे तेच आधी कळेना. तक्रार तिची होती, पण ती जिन्यावरून बूट आपटत धावणाऱ्या मुलांबद्दल. वासाचं काय, तिने विचारलं. ती स्वतः दर शुक्रवारी धुरावलेले मासे तळायची, तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. मी हसतच बाहेर पडले. फाटकाशी पोचेपर्यंत माझा मलाच राग आला. माझ्या आयच्या बोंबलांना एका गोऱ्या बाईने पास केलं म्हणून मला आनंद झाला होता? आयच्या बोंबलांना कुणाच्या दाखल्याची गरज नव्हती.

संध्याकाळी चौघांसमोर मी एवढंच म्हटलं, "शेजारणीची तक्रार नाही. तक्रार तुमची आहे. तर ती तुमच्या तोंडाने करा."

बोरिवलीकर चाचरला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "हे बघ, पर्सनली घेऊ नकोस," तो म्हणाला. "आमच्या बिल्डिंगमध्ये मासेवाल्यांना गेटच्या आत घेतच नाहीत. सवय नाहीये आम्हाला."

"माहितीय," मी म्हटलं. "तसल्याच एका गेटबाहेर माझी आय बसते."

आतापर्यंत मी हे सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मी कढई चुलीवर ठेवली.

ह्यानंतर सगळे मऊ झाले असं समजू नका. दारं आपटायची ती आपटतच राहिली. फक्त चौथ्या चुलीवरचं ते पाणी उकळायचं बंद झालं.

हिवाळा संपता संपता मला सडकून ताप आला. दोन-चार दिवस मी वरच्या खोलीतून हलले नाही. पुण्याची मुलगी सूप आणून ठेवायची, फारसं बोलायची नाही. ती शुद्ध शाकाहारी घरातली. मी जेवून वर आले की उशीत नाक खुपसून झोपायची. ताप उतरला त्या संध्याकाळी भिंतीला धरत मी खाली आले. स्वयंपाकघर भरलेलं होतं. डाळ, भात, तवा. आणि मागच्या डाव्या चुलीवर माझी रिकामी कढई.

पुण्याची मुलगी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "हे लोक कुकर ठेवत होते तिथे. मी रोज कढई ठेवली. वास मला अजूनही सहन होत नाही, हे सांगून ठेवते."

ती कधी मासळी बाजारात गेली नव्हती. भांडण वेगळं, जागा वेगळी, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी बोंबलांचा डबा शोधत कपाटात डोकं घातलं.

"तुला कोण खायला बोलावतंय," मी आतूनच म्हटलं, आणि बोंबील भिजत घातले.