एकेचाळीस पत्रे आणि दोन पौंड शिसे

ग्रिम्सबीतल्या सेड्रिक होलरॉइडचे देवाशी, सरकारशी किंवा शेजाऱ्यांशी कसलेही भांडण नव्हते. त्याचे सारे भांडण बॉक्सिंगमधल्या एका वजनगटासाठी होते, आणि त्या गटाकडे पाठ करून बसलेल्या उरलेल्या जगाशी होते. त्या गटाचे नाव क्रूझरवेट. दोनशे पौंडांच्या आतला गडी क्रूझरवेट. त्यावर एक औंस गेला की तो हेवीवेट, आणि तिथून पुढे आभाळ मोकळे. तीनशे पौंडांचा माणूसही हेवीवेटच. खाण्यावर बंधन नसलेली ही एकच जागा खेळात उरली आहे, आणि म्हणूनच तिथे एवढी गर्दी आहे, असे सेड्रिकचे मत होते.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो स्वतः उत्तर विभागाचा क्रूझरवेट विजेता झाला होता. तेव्हा मर्यादा एकशे नव्वद पौंडांची होती. पुढे ती दोनशेवर नेली गेली, आणि ही दहा पौंडांची भेसळ सेड्रिकने कधीही माफ केली नाही. आता पंचावन्नाव्या वर्षी तो सकाळी शाळेची बस चालवी आणि संध्याकाळी गोदीवरच्या एका जुन्या जाळेघरात मुष्टियोद्धे घडवी. मधल्या वेळेत तो बॉक्सिंग मंडळाला पत्रे लिही.

पत्रांचा विषय ठरलेला असे. उत्तर विभागाचा क्रूझरवेट किताब सहा वर्षे रिकामा पडून होता, कारण त्यासाठी लढायला दोन माणसे एका वेळी सापडत नव्हती. सेड्रिकने अकराव्या पत्रात लिहिले होते, "आमचा गट डॉनकास्टर स्टेशनासारखा झाला आहे. सगळे येथे गाडी बदलतात, गावात कोणीच उतरत नाही. जो चांगला निघतो तो वर्षभरात हेवीवेटमध्ये जातो. जो वाईट निघतो तो चिप्स खाऊन जातो." हेवीवेटांविषयी तर त्याने चार स्वतंत्र पत्रे खर्ची घातली होती. चार संस्थांचे चार पट्टे, विजेते वर्षातून एकदा लढणार, उरलेले अकरा महिने कोण कोणाला टाळतो आहे यावर मुलाखती देणार; आणि एकदाचे लढले की चौथ्या फेरीपासून लग्नातल्या शेवटच्या नाचासारखे एकमेकांच्या गळ्यात पडून राहणार. मधल्या पंचाची अवस्था दोन कपाटांमध्ये सापडलेल्या हमालासारखी. अलीकडे एका संस्थेने हेवीवेट आणि क्रूझरवेट यांच्या मधे आणखी एक गट काढला होता. त्या बातमीनंतर सेड्रिक दोन दिवस जेवला नव्हता, असे त्याची बायको ग्लेनिस सांगे. मात्र त्या दोन दिवसांत बिस्किटांचे दोन डबे संपले, हेही ती लगेच जोडी.

मंडळाने अखेर एकेचाळिसाव्या पत्राला उत्तर दिले. किताबाची लढत येत्या शनिवारी ग्रिम्सबीत ठेवावी. दोघांपैकी एक जरी स्पर्धक शुक्रवारी वजनात बसला नाही तर हा किताब यादीतून कायमचा काढण्यात येईल. सेड्रिकने ते पत्र तीनदा वाचले. किताब गेला म्हणजे विजेत्यांच्या यादीतले त्याचे नावही गेले. जगात त्याचे नाव छापलेली दुसरी जागा म्हणजे बसचा परवाना.

लढणारा त्याचाच चेला होता. ब्रॅडली ब्लँचर्ड, वय सत्तावीस, मासळीच्या कारखान्यात हॅडॉक माशाचे काटे काढणारा. अंगाने दणकट, स्वभावाने गरीब आणि दाढीने लालभडक. ती दाढी त्याला फार प्रिय होती. समोर हार्टलपूलचा एक वेल्डर होता, आणि तो वजनात काटेकोर म्हणून प्रसिद्ध होता. पण खरा वैरी वेगळाच होता. सामने भरवणारा गॉर्डन पिकरिल याच्याकडे छोटू मॅलिन्सन नावाचा दोनशे शहाऐंशी पौंडांचा हेवीवेट होता, आणि छोटूच्या प्रतिस्पर्ध्याने सोमवारी अंग काढून घेतले होते.

"ब्रॅड्या, दोन पौंड जास्त भर, की तू माझा," गॉर्डन व्यायामशाळेत येऊन म्हणाला. "क्रूझरवेट बघायला कोण येतं रे? तुझी आई आणि हा सेड्रिक. हेवीवेटला अख्खं गाव लोटेल."

"हेवीवेट बघायला गाव लोटतं ते अपघात बघायला लोटतं तसं," सेड्रिक म्हणाला. "आमच्यात बॉक्सिंग होतं."

"होतं ना. पण कोणाला दिसत नाही."

आता व्यायामशाळेतल्या काट्याविषयी सांगणे भाग आहे. तो मूळचा मासळीबाजारातला, सरकत्या वजनाच्या दांडीचा, पेट्या तोलण्याचा काटा होता. त्या भागातल्या प्रत्येक प्रशिक्षकाचा काटा थोडे जास्त वजन दाखवतो. हे सगळ्या प्रशिक्षकांना ठाऊक असते आणि एकही प्रशिक्षक दुसऱ्याजवळ ते बोलत नाही. पोरगा आपल्याला दोनशे समजतो, प्रत्यक्षात तो एकशे अठ्ठ्याण्णव असतो, आणि शुक्रवारी दोघेही शांत झोपेतून उठलेले असतात. सेड्रिकने वीस वर्षांपूर्वी जाळ्याच्या शिशाचा दोन पौंडांचा गोळा काट्याच्या फळीखाली तारेने बांधला होता. मंडळाचे वजनकाटे प्रमाणित असावेत आणि तपासनिसांनी अर्ध्या पौंडाची मेहेरबानी बंद करावी, असे त्याने सतराव्या पत्रात खडसावून लिहिले होते. स्वतःच्या फळीखालच्या गोळ्याला मात्र तो लबाडी मानत नसे. ती त्याच्या लेखी शिस्त होती. आणि रिकामा काटा कोणी तोलून पाहत नाही.

आदल्या शनिवारी ब्रॅडली दोनशे चार भरला होता. गुरुवारी संध्याकाळी दांडी दोनशेवर आडवी झाली. सेड्रिकने मनातल्या मनात दोन वजा केले आणि त्याला गहिवरून आले. एकशे अठ्ठ्याण्णव! पाच दिवसांत चार पौंड! पोराचे गाल आत गेले होते, डोळे खिडकीबाहेरच्या भाजीवाल्याच्या केळ्यांवरून हलत नव्हते.

"जा, जेव," सेड्रिक म्हणाला.

"काय?"

"हॅडॉक, चिप्स, वाटाणे. ब्रेड-बटर. चहा. आणि सकाळी नाश्ता कर."

"कोच, मी दोनशेला दोनशे आहे. बरोब्बर."

"तीस वर्षं माणसं तोलतोय मी. मला डोळ्यांना दिसतं. जेव म्हटलं ना?"

ब्रॅडलीने त्याच्याकडे असे पाहिले, जसे फाशीच्या आदल्या दिवशी कैदी शेवटच्या ताटाकडे पाहत असेल. मग तो गेला, आणि मन लावून जेवला.

शुक्रवारी दुपारी एक वाजता क्रीडाकेंद्राच्या दालनात वजने झाली. मंडळाचा तपासनीस एडगर मंबी नव्या, प्रमाणित, आकडे उजळणाऱ्या काट्यामागे उभा होता. हा मंबी एके काळी फार प्रेमळ माणूस होता. कोणी पाव पौंड जास्त भरला की तो छताकडे पाहून "दोनशे!" असे पुकारी. सतराव्या पत्रानंतर त्याला लेखी समज मिळाली होती.

वेल्डर एकशे नव्व्याण्णव भरला. ब्रॅडली चढला. आकडे थोडे थरथरले आणि स्थिरावले.

"दोनशे दोन," मंबी म्हणाला.

"काटा चुकीचा आहे," सेड्रिक म्हणाला.

मंबीने खिशातून प्रमाणपत्र काढले. "मंगळवारी तपासलाय, सेड्रिक. तुझ्याच मागणीवरून. सतरावं पत्र, दुसरा परिच्छेद. पाठ आहे मला. एक तास आहे तुमच्याकडे."

"सुस्वागतम्!" मागून गॉर्डन ओरडला. "छोटू, ये बघू इकडे, तुझ्या नव्या मित्राशी हात मिळव!"

छोटू मॅलिन्सन सॉसेज रोल खात उभा होता. त्याने सहानुभूतीने अर्धा पुढे केला. सेड्रिकने ब्रॅडलीला खेचून खाली बॉयलरच्या खोलीत नेले, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोके पाडून त्याला त्यांत कोंबले, वर आपला कोट चढवला आणि हातात दोरी दिली.

ब्रॅडली उड्या मारू लागला. वीस मिनिटे झाली. मग सेड्रिकला राहवेना. वीस वर्षे ज्या गोष्टीविषयी कोणी बोलले नव्हते ती तो बोलला.

"आपल्या काट्याखाली दोन पौंड शिसं आहे, ब्रॅड. काटा जास्त दाखवतो. म्हणून तुला जेवायला सांगितलं. हे झालं कसं तेच कळत नाही."

दोरी थांबली.

"कसलं शिसं? तारेनं बांधलेलं? गोळा?"

"तोच."

"ते मी रविवारी काढलं."

"काढलं?"

"झाडताना दिसलं. म्हटलं बाजारातल्या वेळचं काहीतरी अडकलंय. खेकड्याच्या सापळ्याला वजन हवं होतं मला. मस्त बसलं, कोच! तळाला गेला तो हललाच नाही."

"मग आण ते परत!"

"दोर तुटला ना. सापळा गेला, शिसंही गेलं. खेकडेही..." ब्रॅडलीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तुम्ही मला इतकी वर्षं दोन पौंड उगीच उपाशी ठेवलंत?"

"उड्या मार," सेड्रिक म्हणाला.

"सात वर्षं! माझ्या लग्नात मी केक खाल्ला नाही!"

"ते लग्न तरी कुठे टिकलं? उड्या मार!"

रागाने माणूस चांगला घाम गाळतो, ही गोष्ट सेड्रिकला त्या दिवशी नव्याने समजली. ब्रॅडली अशा त्वेषाने उड्या मारू लागला की बॉयलर त्याच्यापुढे थंड वाटावा. तो मधे मधे बाटलीत थुंकत होता, आणि प्रत्येक वेळी एकेका न खाल्लेल्या पदार्थाचे नाव घेत होता. नाताळचे पुडिंग. आईचे डम्पलिंग. व्हिट्बीच्या सहलीतले आइस्क्रीम.

पन्नासाव्या मिनिटाला ते वर आले. दालनातल्या दोन पोरांनी आडोशाला टॉवेल धरले, ब्रॅडलीने अंगावरचे सगळे उतरवले आणि तो काट्यावर चढला.

"दोनशे आणि पाव," मंबी म्हणाला. मग आवाज उतरवून तो पुटपुटला, "सेड्रिक, हे छत मी फार दिवसांत पाहिलं नाही. तू म्हणालास तर बघतो."

सेड्रिकने छताकडे पाहिले. एवढा मोह त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. एकशे नव्वद पौंडांसाठी त्याने स्वतः चार दिवस बर्फाचे तुकडे चघळून काढले होते, त्याचे नाव त्या यादीत होते, आणि यादी वाचवायला मंबीने फक्त एकदा मान वर करण्याची गरज होती. पण समोर वेल्डर उभा होता. त्याच्या गालांची हाडे बाहेर आली होती, आणि तो प्रामाणिकपणे उपाशी होता.

"छताचं काय बघायचं," सेड्रिक कडवटपणे म्हणाला. "ग्लेनिस! कात्री!"

वजने बघायला आलेल्या ग्लेनिसचे केस कापायचे दुकान होते आणि तिची पिशवी तिच्याबरोबरच असे. ब्रॅडलीने दोन्ही हातांनी दाढी झाकली, आणि त्यामुळे टॉवेलवाल्यांची तारांबळ उडाली.

"दाढी नाही! कोच, दाढी नाही!"

"बाळा, परत वाढते ती," ग्लेनिस म्हणाली. "यांच्या डोक्यावरचे वाढले नाहीत, पण तुझी वाढेल. मान वर कर."

दाढी गेली, डोके गेले. ब्रॅडलीने समोरचे दोन खोटे दात काढून तिच्या तळहातावर ठेवले, बाटलीत आणखी एकदा थुंकला आणि सोललेल्या अंड्यासारखा काट्यावर चढला. साडेतीन मिनिटे उरली होती. आकडे थरथरले. गॉर्डनसुद्धा टाचा उंचावून पाहू लागला.

"दोनशे," मंबी म्हणाला. "आणि मी काट्याकडेच बघत होतो."

छोटूने सॉसेज रोल काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

शनिवारच्या लढतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घामाने पिळलेला ब्रॅडली आणि उपासाने वाळलेला वेल्डर दहा फेऱ्या एकमेकांभोवती फिरले. अधूनमधून एखादा ठोसा लागला की मारणाऱ्यालाच जास्त आश्चर्य वाटे. पहिल्या तीन रांगांत फक्त ब्रॅडलीची आई होती, आणि तिने दोनदा विचारले, "यातला आमचा कुठला?" शेवटी पंचाने दोघांचेही हात वर केले. बरोबरी. आणि रिकाम्या किताबाची लढत बरोबरीत सुटली की किताब रिकामाच राहतो.

"म्हणजे?" घरी येताना ग्लेनिसने विचारले. "एवढं सगळं करून पुन्हा रिकामाच?"

"रिकामा आहे, पण यादीत आहे," सेड्रिक म्हणाला.

सोमवारी व्यायामशाळेत बसून त्याने बेचाळिसावे पत्र सुरू केले. विषय: फेरलढत, आणि पंचाची दृष्टी. तो लिहीत असतानाच टेबलावर काहीतरी जड आदळले. ब्रॅडली समोर उभा होता, डोक्यावर लोकरी टोपी ओढून. टेबलावर जाळ्याच्या शिशाचा नवा गोळा होता.

"तोललाय," ब्रॅडली म्हणाला. "बरोब्बर दोन."

"हे मला कशाला?"

"मला काय माहीत? रस्त्यात सापडलं."

एवढे बोलून तो खिडकीशी गेला आणि गोदीकडे तोंड करून उभा राहिला. सेड्रिक काट्यापाशी गुडघे टेकून बसला, खिशातून तार काढली आणि फळीखाली हात घातला.

"बांधून झालं का?" ब्रॅडलीने वळून न पाहता विचारले.

"काय बांधून?" सेड्रिक म्हणाला. "चढ बघू. किती भरतोस ते पाहू."