अरबी समुद्र, मुक्काम आमची पडवी

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलाय तो शाळेच्या सहलीत, अलिबागला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. उरलेल्यांनी टीव्हीवर. कुंभिवलीच्या जवळचं आमचं गाव. पुढ्यात हायवे, मागे डोंगर, आणि पाणी म्हणायचं तर नदीचं आणि नळाचं. पण माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला, आणि वर्षभरात या गावात अरबी समुद्राचे इतके जाणकार निपजले की बंदरावरच्या माणसाने येऊन शिकवणी लावावी.

त्यातला मुख्य जाणकार माझा धाकटा दीर. रसायनीच्या एका कारखान्यात तो कंट्रोल रूममध्ये बसतो. समोर पडदे, पडद्यांवर आकडे, आणि आकडा लाल झाला की वरच्याला फोन करायचा, असं त्याचं काम. आयुष्यभर पडद्याकडे बघून पगार घेतलेल्या माणसाला वाटायला लागतं, की पडद्यावर दिसतं तेच खरं. पुतण्या जहाजावर चढला त्याच आठवड्यात त्याने मोबाइलवर दोन ॲप घेतली. एकात वारा आणि लाटा रंगात दिसतात, दुसऱ्यात जगातली जहाजं ठिपक्यांसारखी. तेव्हापासून ड्युटीवरून सुटला की कंपनीच्या बसमधून उतरून थेट माझ्या पडवीत. चपला काढायच्या आधी खिशातून चष्मा काढायचा.

"वैनी, आज हिरवा हाय," तो म्हणायचा. हिरवा म्हणजे समुद्र शांत. पिवळा म्हणजे जरा लाटा. लाल म्हणजे वाईट. लालच्याही वरचा जांभळा रंग त्याने पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा खुलला होता.

ती दिवाळीच्या आधीची गोष्ट. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, मग त्याचं वादळ झालं. वादळाला रीतसर नावही मिळालं. ते मी इथे लिहिणार नाही, उगाच मान वाढायचा. टीव्हीवाले नकाशापुढे उभे राहून दोन्ही हात असे फिरवत होते, जणू तेच वादळ घुसळतायत. वादळ आमच्या किनाऱ्याकडे येत नव्हतं, ओमानच्या बाजूला निघालं होतं. कुणाही शहाण्या माणसाने टीव्ही बंद करून भात कापायला जावं. पण माझा मुलगा त्याच वाटेवर होता, आखातातून निघून आफ्रिकेच्या दिशेने.

आणि नेमका तेव्हाच त्याच्या जहाजाचा ठिपका थांबला.

मला याचं काही वाटायला नको होतं. मुलाने जाण्याआधीच सांगून ठेवलं होतं, "आई, किनाऱ्यापासून लांब गेलो ना, की फुकटच्या ॲपात ठिपका तिथंच ऱ्हातो. जहाज नाय थांबत. तू घाबरू नको." हे मी दिराला शब्दशः सांगितलं. त्याने मान हलवली, बाई माणसाच्या बोलण्यावर हलवतात तशी, आणि बोट पडद्यावर ठेवलं.

"वैनी, हाय तिथंच हाय. कालपास्नं हललं नाय. इंजिन बंद पडलं असनार."

"भावजी, इंजिन बंद पडलं हे तुमाला कोनी सांगितलं?"

"दिसतंय ना."

त्याला दिसत होतं. गावालाही दिसायला लागलं, कारण त्याने तो नकाशा गावाच्या ग्रुपवर टाकला. रोज संध्याकाळी माझ्या पडवीत समुद्राची बैठक बसायची. ज्यांना स्वतःच्या विहिरीची खोली सांगता येत नाही, ते लाटांची उंची मीटरमध्ये बोलायचे. नऊ मीटर म्हणजे आपल्या समाजमंदिरापेक्षा उंच, असं एकाने सांगितलं, आणि सगळ्यांनी वळून समाजमंदिराकडे पाहिलं. चहा अर्थात माझा. जांभळा भोवरा रोज थोडा थोडा ठिपक्याकडे सरकायचा, आणि प्रत्येक सरकण्याला हे लोक असा सुस्कारा टाकायचे, की नव्व्याण्णववर बाद झालेल्या फलंदाजासाठीही कुणी टाकला नसेल.

मजा अशी, की याच दिवसांत दुपारनंतर डोंगरावर ढग येऊन आमच्याकडे सरी पडत होत्या. दिराचं कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं. ओमानपुढच्या लाटा तोंडपाठ असलेल्या या माणसाचं स्वतःचं भात भिजत होतं, कारण नकाशात त्याच्या शेताला कुठलाच रंग नव्हता. मी सांगितलं, तर म्हणाला, "भाताचं काय वैनी, पोराचं बघा." मी पोराचंच बघत होते. मी फक्त आरडाओरडा करत नव्हते.

मुलाचा फोन लागत नव्हता. समुद्रात लागत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि रात्री उशाशी मोबाइल ठेवून पडणं वेगळं. भीती मलाही होती, हे सरळ सांगते. पण ती मी पडवीत नेऊन मांडणार नव्हते. त्या लोकांना तेवढंच हवं होतं. मी एकदा डोळ्याला पदर लावला असता, तर त्यांचा चहा गोड झाला असता.

म्हणून मी फराळ करायला घेतला. वादळाचा भोवरा ठिपक्यावर येऊन बसला त्या दिवशी मी चकल्या तळत होते. खोपोलीत, शिळफाट्याला जाऊन भाजणीचं पीठ आणलं होतं, नेहमीपेक्षा जास्तच. कढईत तेल तापलेलं, पहिला घाणा आत, आणि मागच्या दाराने माझी धाकटी जाऊ आली. हातात टोप, त्यावर धुतलेलं फडकं बांधलेलं.

तो टोप मी ओळखला. कडेला पोचा आलेला आहे त्याच्या. आमचे हे गेले, तेव्हा त्याच टोपातून तिने पिठलं आणलं होतं. ज्या घरात माणूस जातं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंद पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेबळे घास भरवतात. ही आमच्याकडची रीत आहे, आणि चांगली रीत आहे. फक्त तिला आधी माणूस मेलेलं लागतं.

"ताई, तुमी चुलीवर काय ठेवलं नसेल म्हनून आनलं," ती खाली बघून म्हणाली. माझ्या गॅसवर कढई होती. तेल चुरचुरत होतं. घरभर चकल्यांचा वास होता. तिला काहीच दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, वास येत नव्हता. कारण तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर ठिपका जांभळ्यात गेला होता.

फडकं सोडलं. पिठलं, तांदळाच्या भाकऱ्या, वर कांदासुद्धा नाही. अगदी रीतसर.

मी झाऱ्याने एक चकली काढली आणि तिच्या हातात ठेवली. "मीठ बरोबर हाय का बघ गं."

तिने बिचारीने खाल्ली. चटका बसला तरी खाल्ली. बरोबर हाय म्हणाली आणि रडत निघून गेली. मी ते पिठलं मागच्या अंगणात कोंबड्यांना घातलं, टोप घासला आणि पालथा घातला. मग पुन्हा उचलून घासला. राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी निव्वळ राग होता असं मात्र मी म्हणणार नाही.

पाडव्याच्या सकाळी फोन वाजला. दीर पडवीत बसलेलाच होता, त्या आठवड्यात तो घरी राहतच नव्हता. मी आत जावेच्या टोपात चकल्या भरत होते, कुणाचंही भांडं मी रिकामं परत करत नाही. लांबचा, खरखरता आवाज.

"आई, पोचलो."

मी हातातली चकली टोपात ठेवली. मग म्हटलं, "जेवलास का?"

"व्हय. आई, लई हाललं गं जहाज."

"असू दे. चकल्या झाल्यात तुझ्या. यंदा खुसखुशीत झाल्यात. इथं लोकांनी काय तमाशा मांडला होता, तू येशील तेव्हा सांगते. हसून हसून पोट दुखेल तुझं."

तो हसला नाही.

"आई, काका हाय का तिथं?" तो म्हणाला. "त्याला दे ना जरा."

मी पडवीत जाऊन फोन दिला. दाराशीच उभी राहिले. आता हा शहाणा विचारणार, ठिपका का हलत नव्हता, इंजिनाला काय झालं होतं. मी वाटच बघत होते त्याची.

त्याने ते विचारलं नाही. म्हणाला, "लाटा कंच्या अंगानं येत होत्या रं?" मग ऐकत राहिला. "मंग?" म्हणाला. पुन्हा ऐकलं. "मंग?" ऐकता ऐकता तो उठून पडवीच्या पायरीवर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. आवाज इतका खाली आणला, की मला कान द्यावा लागला.

"भ्यालास का रं?"

त्याने फोन कानाशी घट्ट धरला. तिकडून बोलणं चालू होतं, एवढं कळत होतं. मधेच त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "नाय रं," म्हणाला. "मी कुठं जातोय. हितंच होतो. बघत होतो तुला." आणि शेवटी, "नाय सांगत तिला."

फोन परत माझ्या हातात आला, तेव्हा तो गरम झाला होता आणि कॉल संपला होता.

"काय म्हनला?" मी विचारलं.

आठवडाभर साऱ्या गावाला समुद्र सांगत बसलेल्या त्या माणसाने चष्मा डोळ्यांवर चढवला, चपला पायात सरकवल्या.

"काय नाय वैनी," तो म्हणाला. "मजेत हाय." आणि भात उचलायला शेतावर निघून गेला.