परली की पाडली?

“सायब, मना येक सांगाचा हाय.”

“सांगू नकोस,” मी म्हणालो.

“पन आय कशी—”

“जोमा, गप्प. तू सांगितलंस तर मला माहीत होईल. आणि मला माहीत व्हायला नको आहे.”

ठाण्याच्या तुरुंगात, वकिलांना आरोपी भेटवतात त्या खोलीत हे बोलणं झालं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. जोमा खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातला मच्छीमार. आरोप असा, की त्याने आपल्या म्हाताऱ्या आईला होडीतून खाडीत ढकलून मारलं. आदल्या दिवशी घर कुणाच्या नावावर करायचं यावरून मायलेकांचं भांडण झालेलं. ते सगळ्या आळीने ऐकलेलं.

आईचा खून म्हटल्यावर ठाण्याच्या बारमध्ये वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येईना. कायदा म्हणतो, वकिलाशिवाय खटला चालवता येत नाही. मग कोर्ट स्वतः वकील नेमून देतं. जज्जसाहेबांची नजर कोर्टरूममध्ये फिरली आणि माझ्यावर थांबली. मी तेव्हा मागच्या बाकावर बसून डुलकी काढत होतो. नकार द्यायला जागं असावं लागतं.

डोंबिवलीत बातमी माझ्या आधी पोचली. आमच्या सोसायटीचे चेअरमन जिन्यातच आडवे आले. “काय हो, आईला मारणाऱ्याला सोडवणार म्हणे तुम्ही?”

“त्याने मारलं हे अजून ठरायचंय.”

“तुम्ही त्याला विचारलंत?”

“नाही.”

“का?”

मी जिना चढून वर आलो. मी मितभाषी आहे. वकिलाच्या बाबतीत हा गुण नव्हे, व्यंग आहे. घरात मालतीने, म्हणजे बायकोने, तोच प्रश्न विचारला. तिला मात्र उत्तर द्यावंच लागलं.

“आमच्यात विचारत नाहीत.”

“आमच्यात म्हणजे? सीकेपींत?”

“वकिलांत.”

हे जरा समजावून सांगतो. ‘तू केलंस का?’ हा प्रश्न अशिलाला विचारायचा नाही, असं माझ्या सीनियरनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. कारण तो ‘हो’ म्हणाला, तर वकिलाचे हात बांधले जातात. मग ‘हा त्या वेळी तिथे नव्हताच’ असं सांगणारा साक्षीदार आणता येत नाही, कारण ते खोटं आहे हे आपल्याला माहीत असतं. माहीतच नसेल तर सगळ्या वाटा मोकळ्या. सीनियर म्हणायचे, अज्ञान हे वकिलाचं भांडवल आहे. ते माझ्याकडे भरपूर होतं.

शिवाय खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊक आहे असंच मी धरून चाललेलो. भांडण, होडी, डोक्याला जखम, मेलेली आई. विचारायचं काय त्यात?

सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होती आंबूबाय. सत्तरीची, ठणठणीत, गावची धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात धवला गाऊन विधी लावणारी बाई. आगरी-कोळ्यांत भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारणीशिवाय हळद लागत नाही. जोमा भिजलेला, ओरडत किनाऱ्यावर आला तो पहिल्यांदा हिच्यासमोर. पोलिसांनी घेतलेल्या तिच्या जबाबात त्याचं ओरडणं असं होतं: ‘मी माझ्या आईला खाडीत पाडली आहे.’

जबाब वाचताना मला हसू आलं. बुडत्या आईला सोडून आलेला कोळी ‘पाडली आहे’ असं व्याकरणशुद्ध ओरडेल? लहानपणापासून दारावर येणाऱ्या कोळणींची भाषा मी ऐकलेली. त्या ‘ड’चा ‘र’ करतात. घोड्याला घोरा, गाडीला गारी. म्हणजे पडली ती परली आणि पाडली ती पारली. मधे फक्त एक काना. जबाब लिहून घेणारा हवालदार घाटावरचा होता. तो काना कुठून आला ते तिथेच कळलं.

उलटतपासणीला उभा राहिलो. “आंबूबाय, जोमा काय ओरडत आला?”

“आय परली.”

“परत सांगा.”

“आय परली.”

“जरा मोठ्याने.”

“अवो, आय परली! परली! परली!”

जज्जसाहेब मराठवाड्यातले. त्यांनी पेन खाली ठेवलं. “वकीलसाहेब, परळी आमच्याकडे बीड जिल्ह्यात आहे. ही ठाण्यात कशी आली?”

कोर्ट हसलं. सरकारी वकील उठले, “युवर ऑनर, परली म्हणजेच पाडली!”

“मग पडली कशाला म्हणतात?” मी विचारलं.

ते आंबूबायकडे बघायला लागले आणि आंबूबाय माझ्याकडे, अगदी कीव करत. हवालदाराने साक्षीत कबूल केलं, की जबाब त्याने ‘व्यवस्थित मराठीत’ लिहून काढला होता. त्या एका कान्यावर खटला डगमगला.

इथपर्यंतचा भाग मी पुढे कितीतरी वर्षं बार रूममध्ये रंगवून सांगितला. पुढचा कधीच सांगितला नाही.

साक्षीपुरावा संपला, की जज्ज स्वतः आरोपीला विचारतात: तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुला काही सांगायचंय? सगळ्या खटल्यात आरोपीला तोंड उघडायची ही हक्काची वेळ. कोळीवाड्यातली माणसं मागे दाटीवाटीने उभी होती. जोमाने कठड्याला घट्ट धरलं. ओठ हलले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही.

केस जिंकत आलेली. हा आता बोलला आणि नको ते बोलला, तर काना परत जाग्यावर यायचा.

“नाय,” जोमा म्हणाला.

तो सुटला. निकालात वाक्य होतं: संशयाचा फायदा देऊन आरोपीस मुक्त करण्यात येत आहे. घरी जाताना मी श्रीखंड नेलं. जेवायच्या आधी आंघोळही केली. मालती म्हणाली, “सकाळी केलीत की एकदा.” मी म्हटलं, “उकडतंय.”

काही महिन्यांनी जोमा डोंबिवलीला घरी आला. हातात भलामोठा जिताडा, खाडीतला मासा. तो त्याने दारातच ठेवला, पण आत येईना.

“सायब, कोरटानं मना काय दिला?”

“संशयाचा फायदा.”

“संशय मिलला. फायदा कवा मिलनार?”

मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं. आणि आंबूबायने हळदीला यायला नकार दिलेला. ती नाही तर गाव नाही. नवऱ्याकडची मंडळीही मग बिचकायला लागलेली. जोमाला दुसरा कागद हवा होता, त्याने केलं नाही असं लिहिलेला. सुटलेल्या माणसाला निकालातल्या शब्दांविरुद्ध फारसं काही करता येत नाही, हे मी त्याला समजावलं. त्याला पटलं नाही. मलाही सांगताना पटत नव्हतं.

आतून मालतीचा आवाज आला, “अहो, आता तरी विचारा त्याला!”

आणि मग, केस संपल्यावर, वकीलपत्र संपल्यावर, मी दारात उभा राहून विचारलं, “जोमा, तू ढकललीस का रे?”

“नाय.”

“मग काय झालं?”

भरतीच्या पाण्यात म्हातारी होडीत उभी राहिली, तोल गेला, डोकं काठावर आपटलं. याने उडी मारली. शेजारीच खाडीतून रेती काढणारी होडी होती. तिच्यावरच्या माणसाने यालाच आधी बाहेर ओढलं, नाहीतर हाही गेला असता.

“हे पोलिसांना सांगितलंस?”

“सांगितला. त्यांनी लिवला नाय.”

“मग मला का नाही—” मी मधेच थांबलो.

तो रेतीवाला अजून त्याच खाडीत होता. उत्तरेकडचा माणूस. होडीवरून त्याने सगळं पाहिलेलं, अगदी म्हातारीचा पदर कुठे अडकला तेसुद्धा. मी जरा रागावूनच म्हटलं, “आधी का नाही आलास?”

“हमसे किसी ने पूछा ही नहीं, वकीलसाब.”

त्याला घेऊन आम्ही आंबूबायच्या अंगणात गेलो. शेजारपाजार जमला. ती सुकट निवडत होती. रेतीवाल्याचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

“तुमीच ना ते? तीनदा इचारत व्हते? मना वाटला, बिचाऱ्याला आयकू कमी येतंय.”

अंगणभर हसू पसरलं. माझी ती गाजलेली उलटतपासणी म्हणजे बहिऱ्या वकिलावर केलेली दया होती.

“मी परलीच बोललू व्हतू,” ती म्हणाली. “पयल्या दिसापासून. तो मना खुनी नव्हता वाटला.”

“मग हळदीला नाही का म्हणालात?”

“कोरटानं त्याला इचारला, काय सांगाचा हाय का. त्यानं तुमच्याकरं बघितला. तुमी मुंडी हलवली. मी मागंच उबी व्हतू.” तिने सूप खाली ठेवलं. “त्याचा वकीलच बोलू देत नाय, तर पोटात कायतरी आसल ना? सगल्या गावानं त्योच इचार केला.”

जोमा जमिनीकडे बघत होता.

मी आयुष्यात इतक्या लोकांसमोर काळ्या कोटाशिवाय कधी बोललेलो नव्हतो. म्हटलं, “त्याच्या पोटात काही नव्हतं. माझ्या होतं. मला वाटलेलं, यानेच मारलं. म्हणून मी त्याला कधी विचारलं नाही. तो सांगायला लागला की गप्प करायचो.”

आंबूबायने सूप परत उचललं.

“तरी सोरवलात?”

“हो.”

“आन आमी तुमाला हुशार समजत व्हतो.”

हळद लागली. आंबूबायने धवला गायला, गाव आलं, आम्हीही गेलो. मालतीला पिवळंधमक करून पाठवलं. जोमा माझ्याशी त्या दिवशी फारसा बोलला नाही. पुढेही नाही. जिताडा मात्र दर वर्षी यायचा. तो खाताना मला दर वर्षी काटा लागायचा, आणि मालती म्हणायची, माशात काटे असतातच.

तेव्हापासून मी अशिलाला पहिल्या भेटीत विचारतो. बरेच जण खोटं सांगतात. काही जण ‘हो, केलं’ म्हणतात. त्यांच्याही केसेस मी चालवल्या. खोटा साक्षीदार उभा केला नाही, पण सरकारला प्रत्येक गोष्ट शाबीत करायला लावली, कारण मला त्याचसाठी सनद मिळाली आहे. चेअरमनसारख्यांना याचा त्रास होतो. मला होत नाही.

त्रास ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा होतो. त्यांचं ऐकल्यावर काम वाढतं.