उद्घाटनाआधीची तालीम

थोरलीने परवा फोनवर सांगितलं, की यंदा विद्यापीठात तिने 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स' हा विषय घेतला आहे. मी म्हणाले, "तो मी शिकवलेला आहे." त्यावर तुम्ही दोघंही नातवंडं इतकं हसलात, की शेवटी तुमच्या आईने फोन हातात घेतला. हसलात त्याचा मला राग नाही. पण ते कसं घडलं ते नीट क्रमाने लिहिते आहे, म्हणजे निदान योग्य ठिकाणी हसाल.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शहरात मॅनेजमेंटची साथ आली होती. ज्यांच्याकडे मोकळी इमारत होती त्यांनी कॉलेज काढलं आणि ज्यांच्याकडे आधीच कॉलेज होतं त्यांनी संध्याकाळचा पदविका अभ्यासक्रम काढला. आमच्याकडेही निघाला. त्यात हा विषय होता आणि तो शिकवायला कोणी नव्हतं. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, हा पेपर तुम्ही घ्या."

"सर, मी संगणक बघितलाय तो बँकेच्या काचेपलीकडचा."

"पण पुस्तक इंग्रजीत आहे ना!" ते म्हणाले, आणि प्रश्न सुटल्यासारखे पुढच्या कागदाकडे वळले.

पुस्तक खरोखरच इंग्रजीत होतं, निदान त्यातले शब्द तरी. त्यात काय होतं ते तुम्हाला थोडक्यात सांगते. कच्च्या तथ्यांना डेटा म्हणतात. तीच तथ्यं शिजवली की त्यांना माहिती म्हणतात. ही माहिती योग्य माणसाला योग्य वेळी मिळाली, तर तो योग्य निर्णय घेतो. एवढं सांगायला लेखकाने अर्धं पुस्तक खर्च केलं होतं. उरलेल्या अर्ध्यात त्रिकोण होते. त्रिकोणाच्या टोकाला वरिष्ठ व्यवस्थापन, मध्ये मधलं आणि तळाशी बाकीचे सगळे. परीक्षेत प्रश्न कुठलाही येवो, विद्यार्थी आधी त्रिकोण काढत आणि मग खाली लिहायला काय आठवतं ते बघत. कॉलेज रोडवर मिळणाऱ्या गाइडात तर त्रिकोण ठळक छापलेले होते, म्हणजे पाठ करायला सोपे. माझ्या चाळीस वर्षांच्या शिक्षणात आणि नोकरीत इतका पोकळ विषय मी पाहिला नव्हता, आणि मी भाषाशास्त्रही शिकलेले आहे.

आता संगणकांबद्दल. संगणक होते. पहिल्या मजल्यावर वातानुकूलित खोली होती, नवी टेबलं होती, आणि त्यांवर फुलाफुलांच्या कापडी झाकणांखाली आठ संगणक बसलेले होते. दाराबाहेर चपला काढायची पाटी होती. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे होती. त्यांच्याकडेच का, तर त्यांच्या ताब्यातले सूक्ष्मदर्शक कित्येक वर्षांत बिघडले नव्हते. ते कोणाला हात लावू देत नसत हे त्यामागचं कारण, पण व्यवस्थापनाने त्याची नोंद कार्यक्षमता म्हणून घेतली होती.

कुलूप का, याचंही उत्तर तयार होतं. उद्घाटन झालेलं नव्हतं. ते एका मंत्रिमहोदयांच्या हस्ते व्हायचं होतं. त्यांनी एकदा तारीख दिली आणि आचारसंहिता लागली. दुसऱ्यांदा दिली आणि अधिवेशन आलं. तोवर खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही, कारण वापरलेल्या वस्तूचं उद्घाटन करायला लावणं हा पाहुण्यांचा अपमान. त्यामुळे मी फळ्यावर खडूने कीबोर्ड काढायचे, मुलं तो वहीत उतरवून घ्यायची, आणि वार्षिक अहवालात मात्र 'संगणकाधारित शिक्षण सुरू' असं छापून आलं.

याच वर्गात देवळ्याची एक मुलगी होती. पंचवटीत मावशीकडे राहायची. घरी मोठ्या भावाचा कांद्याचा व्यापार. ती पुढच्या बाकावर बसायची आणि तिला त्रिकोण काढायचा कंटाळा होता, म्हणून ती मला आवडायची. भाद्रपदात एक दिवस तास संपल्यावर ती थांबली.

"मॅडम, सातपूरच्या कारखान्यात एक जागा आहे. प्रत्येक पाळीत किती माल निघाला, किती बाद झाला, ते संगणकावर घालून साहेबांना तक्ता द्यायचा. पंधरवड्याने चाचणी आहे, संगणकावरच."

"मग दे की."

"कशी देऊ? मी तो चालू कसा करतात तेसुद्धा पाहिलं नाही." आणि मग खाली बघून म्हणाली, "दादा म्हणतो, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर राहा, नाही तर सामान बांध. मावशीला किती दिवस भार."

दादालाही मी ओळखत होते. मध्ये एकदा टेम्पो घेऊन मार्केटला आला होता तेव्हा कॉलेजात डोकावला होता. "मॅडम, पोरगी लय हुशार हाय, मला म्हाईत हाय," तो म्हणाला होता. "पण घरात बसून हुशारीला गंज लागायचा, आन् इथं बसून नुसता खर्च." माणूस वाईट नव्हता. त्याचं बोलणं माझ्या पुस्तकापेक्षा तरी समजण्यासारखं होतं.

मी प्राचार्यांकडे गेले आणि सरळ सांगितलं, की एका विद्यार्थिनीची नोकरी अडली आहे, खोली उघडा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या नैवेद्यातला लाडू मागितला.

"मॅडम, उद्घाटनाआधी? आणि शिवाय आता पितृपक्ष लागतोय. पितृपक्षात नवीन यंत्र सुरू करायचं?"

"मुलीची चाचणी पितृपक्षातच आहे, सर."

"कंपनीवाल्यांना काही विधिनिषेध नसतो," ते म्हणाले.

मी घरी आले आणि विचार करत बसले. या लोकांपुढे शिक्षणाचं नाव काढून उपयोग नव्हता. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, कार्यक्रम फसण्याची. गेल्या स्नेहसंमेलनात पाहुणे समई लावायला वाकले आणि कोणीतरी पंखा मोठा केला. काडी पुन्हा पुन्हा विझत राहिली आणि फोटोग्राफर सगळं टिपत राहिला. प्राचार्य त्यानंतर आठवडाभर कोणाशी धड बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले.

"सर, एक शंका आहे. मंत्रिमहोदय कळ दाबतील आणि पडद्यावर काहीच आलं नाही तर?"

त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"येईल की. नवीन आहेत."

"नवीन आहेत, पण कोणी लावून पाहिलेत? पाहुण्यांनी कळ दाबली की पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, तक्ता, आकडे. आणि 'हे काय आहे' असं त्यांनी विचारलं, तर सांगायला एक विद्यार्थिनी शेजारी उभी हवी. रंगीत तालीम नको का?"

"पण पितृपक्ष..."

"सर, सुरू कुठे करतोय? तालमीला काही मुहूर्त लागत नाही."

तालीम हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी तिथल्या तिथे वनस्पतिशास्त्राच्या सरांना चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. सरांनी कुलूप काढलं, एकाच संगणकाचं झाकण उचलू दिलं, ते स्वतः घडी करून मांडीवर घेतलं आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. मला संगणकातलं काही येत नव्हतं हे तुम्ही विसरला नसाल. पण कपाटात त्याची जाडजूड पुस्तिका होती, प्लास्टिकही न काढलेली. मी चष्मा लावून एकेक वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे आणि ती करायची.

"माउस उजवीकडे सरकव."

"सरकवला. मॅडम, टेबल संपलं."

"मग उचल आणि पुन्हा अलीकडे ठेव."

"असं चालतं?"

"इथे असंच लिहिलंय."

"मग बाण का नाही मागे आला?" ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. दाराशी सर खाकरले. तालमीत हसणं त्यांना मंजूर नव्हतं.

रोजच्या वर्तमानपत्रातले बाजारभाव आम्ही कच्चा माल म्हणून घेतले. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. ती आकडे घालायची, बेरीज मागायची, सरासरी मागायची. एकदा कोथिंबिरीचा भाव सोन्याच्या वर गेला, तेव्हा तिला आपली चूक माझ्याआधी दिसली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर कुरकुरले, "पाहुणे एक कळ दाबणार. त्याला इतकी तालीम?" मी म्हटलं, मंत्री शेतकरी कुटुंबातले आहेत, भाव विचारतील. त्यावर त्यांनी मांडीवरच्या झाकणाची घडी पुन्हा नीट केली. आणखी दोन दिवसांनी ते हळूच आत आले आणि तिच्या मागे उभे राहिले.

"काय गं, प्रॅक्टिकलच्या मार्कांची बेरीज होईल का यात?"

"होईल की सर. आणा."

त्यानंतर ते स्वतःच आमच्या आधी येऊन कुलूप काढू लागले.

चाचणी झाली त्या संध्याकाळी ती तासाला आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"मॅडम, फजिती झाली. तिथल्या संगणकाच्या खोलीबाहेर मी चपला काढल्या. आतला माणूस म्हणाला, 'ताई, देऊळ नाही हे, या तशाच.' सगळे हसले."

"आणि चाचणी?"

"मळके कागद दिले, पाळीपाळीचे. तेलाचे डाग पडलेले. एकाची बेरीज मुळातच चुकली होती, म्हणून मी विचारलं, चुकलेलीच घालू का बरोबर करून? तर साहेब म्हणाले, सोमवारपासून या."

ती घटस्थापनेच्या आधीच रुजू झाली. दादा दिवाळीत कांद्याचं पोतं घेऊन माझ्या दारात आला. "मॅडम, नाय म्हणू नका," म्हणाला, आणि मी नाही म्हणायच्या आत ते ओट्यावर ठेवून गेलाही.

उद्घाटन यथावकाश झालं. मॉनिटरला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला तो नेमका वायरींच्या जवळ. मंत्र्यांनी कळ दाबली. पडद्यावर तक्ता आला, तो तिनेच करून ठेवलेला होता. शेजारी उभ्या केलेल्या मुलाला त्यांनी विचारलं, "हे काय?" त्याने छाती काढून सांगितलं, "डेटा म्हणजे कच्ची तथ्ये." टाळ्या झाल्या. मग झाकणं पुन्हा घातली गेली.

वार्षिक परीक्षा तिने कारखान्यातून रजा काढून दिली आणि या विषयात ती जेमतेम पास झाली. तिने लिहिलं ते खरं होतं, पण त्रिकोण नव्हता. कीबोर्ड फक्त वहीत पाहिलेल्या मुलांना भरघोस मार्क पडले. ती उत्तरपत्रिका मी तपासलेली नव्हती, तपासणाऱ्याला मात्र मी मनात बरंच काही म्हणून घेतलं.

नव्या वर्षाचं माहितीपत्रक छापायची वेळ आली, तेव्हा प्राचार्यांना एकदम तिची आठवण झाली. अभ्यासक्रमातून नोकरी लागलेली ती एकटीच होती. "मॅडम, तिला बोलवा. संगणकाच्या खोलीत फोटो काढू. आपल्या शिक्षणाचं फळ!" मी त्यांच्यासमोरच कारखान्यात फोन लावला. तिच्यापर्यंत फोन पोहोचायला वेळ लागला. मागे यंत्रांचा घरघराट ऐकू येत होता आणि तिला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"मॅडम, उद्या? उद्या महिनाअखेर आहे. साहेबांना अकरापर्यंत तक्ता लागतो. नाही हो जमणार. सरांना सांगा, दुसऱ्या कोणाचा तरी काढा."

मी फोन खाली ठेवला आणि प्राचार्यांना ते जसंच्या तसं सांगितलं.