हवालदारांची परत आलेली कथा

सीबीएस बसस्टँडजवळच्या टायपिंग सेंटरवर मी कामाला होते, तेव्हा एक माजी हवालदार कथा टाईप करायला आणायचे. लेखक व्हायचं म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती. खुर्चीत बसले तरी पाठ ताठ, आणि कथेला पंचनाम्यासारखा रुंद समास.

कोठडीत मेलेल्या आरोपीची त्यांची कथा मासिकाकडून परत आली. 'पटत नाही', एवढाच शेरा.

"कोऱ्या कागदावर पंचांच्या सह्या घेऊन वीस वर्षं मागाहून पंचनामे रचले, मॅडम. कोर्टाला सगळे पटले. ही एकच गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली लिहिली. तुम्हाला तरी पटली ना?"

मलाही पटली नव्हती. मी प्रिंटरमधले कागद सरळ करत राहिले.

"मेलेल्याचं नाव तेवढं बदललंय," म्हणाले, आणि गेले. पुन्हा काही टाईप करायला आले नाहीत.